बाबा, आधी ऐक ना!



"मुलांच्या भावनिक जडणघडणीवर बोला" असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा मी जरा बिचकलोच. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर लिहितो, दिवसभर बग शोधतो. माझा अधिकार एवढाच, की माझी मुलगी इथल्या जपानी शाळेत तिसरीत आहे आणि तिच्या बाबतीत माझं एकदा चांगलंच चुकलं. तेच सांगतो.

गेल्या वर्षी उंदोकाईत, म्हणजे शाळेच्या क्रीडादिनाला, रिलेमध्ये तिच्या हातून बॅटन पडलं. लाल संघ हरला. घरी येऊन ती म्हणाली, "कुयाशी!" मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं, "अगं, खेळात हारजीत चालायचीच." त्यानंतर दोन आठवडे तिने शाळेतलं काही म्हणजे काही सांगितलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "बेत्सुनी." विशेष काही नाही!

शेवटी ऑफिसमधल्या जपानी सहकाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ विचारला. कुयाशी म्हणजे नुसतं दुःख नाही आणि नुसता रागही नाही. जमलं असतं आणि हातचं गेलं, याची जळजळ. आपल्याकडे चडफड म्हणतात ना, त्याच्या जवळचं, थोडी चुटपुटही आली त्यात. मी तिची समजूत घालत बसलो होतो, आणि तिला तर पुन्हा धावायचं होतं.

इथल्या शाळांचं मला कौतुक वाटतं. पहिलीपासून मुलं पाळीपाळीने पांढरा अंगरखा, टोपी, मास्क घालून वर्गाला जेवण वाढतात. सूप शेवटच्या बाकापर्यंत पुरवायचंय, हे पळी हातात आली की सहा-सात वर्षांच्या पोरालाही कळतं. मग आपला वर्ग आपणच झाडायचा-पुसायचा. दिवस संपताना 'काएरी नो काई', म्हणजे घरी निघण्याआधीची छोटी सभा. त्यात आज काय झालं ते बोलायचं. पण सगळंच गोड नाही बरं का. गट सांभाळताना एकटं मूल दबू शकतं. इजिमे, म्हणजे मुलांनी मुलांचा केलेला छळ, रोखण्यासाठी जपानला २०१३ साली वेगळा कायदा करावा लागला. आपली मुलं तर नावाने, रंगाने, कधी डब्यातल्या पोळी-भाजीनेही चारचौघांत उठून दिसतात. त्यांच्याबाबत घरच्यांचे कान जरा जास्तच उघडे हवेत.

आपल्यापैकी अनेकांनी 'तोत्तोचान' मराठीत वाचलंय. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानीत १९८१ साली आलं. पहिल्या शाळेने काढून टाकलेली ही मुलगी तोमोए शाळेत आली, तेव्हा मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी यांनी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतलं. चार तास! मी चार मिनिटं देत नव्हतो. रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, पण ते चार तास त्या मुलीने जन्मभर लक्षात ठेवले.

हल्ली आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला घरातली काएरी नो काई असते. लॅपटॉप बंद. रविवारी पुण्याहून आजीही फोनवर सामील होते. खट्टू, हिरमुसणं, कानकोंडं होणं हे शब्द तिनेच नातीला दिले. परवा माझं एक काम रखडलं, तर लेक विचारते, "बाबा, तू रागावलायस की चडफडतोयस?" काय सांगणार!

आजचा निधी गावाकडच्या शाळांच्या वाचनालयांसाठी आहे. पुस्तकांच्या प्रत्येक पेटीत एक 'तोत्तोचान' जावं, अशी माझी विनंती. या पुस्तकाच्या मानधनातून लेखिकेने कर्णबधिर कलावंतांसाठी तोत्तो फाउंडेशन उभं केलं, हेही देणगीदारांना आवडेल.

आणि हो, आज पंगतीत वाढायला आपली मुलंच उभी राहणार आहेत. मसालेभात थोडा सांडेल. कृपया कोणी उठून त्यांच्या हातातली पळी घेऊ नका.