ऑपरेशननंतरची पाच वर्षे आणि पुढे



जठराच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, पाच वर्षे सुखरूप गेली, की आम्ही म्हणतो, 'सुटलो!' आणि केसपेपर पेटीच्या तळाशी जातो. हा रोग उलटतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, हे खरे. परंतु थोड्या रुग्णांत तो पाच वर्षांनंतर, कधी दहा वर्षांनीही उलटतो. यकृतात किंवा पोटाच्या आतील आवरणावर दडलेल्या पेशी पुन्हा वाढतात. उरलेल्या जठरात नवा कर्करोगही होऊ शकतो.

म्हणून वजन घटणे, घास अडकणे, वारंवार उलटी, काळी शौचास होणे, पोटात पाणी होणे, कावीळ यांना 'पित्त' समजून घरी बसू नये. संपूर्ण जठर काढलेल्यास बी-बारा जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. तेव्हा डॉक्टरांशी नाते पाच वर्षांनी तुटत नाहीच.

पोलादपूरच्या डोंगरवाडीतून महाड, महाडहून परळचे टाटा रुग्णालय. मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते. म्हणून माणूस जात नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर आमचे आजे-पणजे एकेकटे गेले नव्हते. बाबासाहेबांमागे समूहाने गेले. मग रुग्णानेच एकटे का जावे? आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, अशी विनयपिटकात कथा आहे. आपण निदान तपासणीच्या दिवशी सोबत जाऊ या. विद्यार्थ्यांनी वस्तीतील अशा रुग्णांच्या तारखा वहीत टिपून ठेवाव्यात, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय. जयभीम.