‘इट’ मध्ये घाला

श्रोतेहो, आज एकच क्रियापद घेतलंय, ‘पुट ऑफ’. अर्थ ठाऊक आहेच, पुढं ढकलणं. पंचगंगेला पूर आला, परीक्षा लांबली, ‘दे पुट ऑफ द एक्झाम’. झकास! पण लगेच कानावर येतं, ‘दे पुट ऑफ इट’. तिथं माझं डोकं फिरतं. ‘पुट इट ऑफ’ म्हणा की! ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ मध्येच बसतात.

हे बघा, ‘पुट’ म्हणजे मटण शिजलेलं अळणी पाणी. तिखट पडलं की तांबडा रस्सा, नारळाचं दूध पडलं की पांढरा. तसं ‘ऑन’ पडलं की कपडे अंगावर चढतात, ‘आउट’ पडलं की आग विझते, ‘ऑफ’ पडलं की परीक्षा लांबते. तांबडा झाल्यावर त्यातनं अळणी परत काढता येतं का? मग ‘पुट म्हणजे ठेवणे’ घोकून काय हाती लागणार? आणि मटण पातेल्यात आधी पडतं, वाटण मागनं. तसा ‘इट’ आधी, ‘ऑफ’ मागनं. ‘द एक्झाम’सारखं नाम असलं तर मात्र दोन्हीकडं चालतं, तिथं पातेलं बाजूला ठेवा.

कारण साधं आहे. इंग्रजी वाक्याचा जोर बहुधा शेवटी पडतो. ‘इट’ बिचारा हलका, त्याला तो पेलत नाही, ‘ऑफ’ला पेलतो.

लाजू मात्र नका. परक्यांना असली क्रियापदं सगळ्यात जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सननं १७५५ सालीच आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. आपल्याकडं २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, तरी दहावीच्या वहीत ‘इट’ आपला शेपटालाच!

एखाद्या वासानं जेवणावरची वासना उडते, तेही ‘पुट ऑफ’. ‘द स्मेल पुट मी ऑफ’. बघा, ‘मी’ कुठं बसला? मध्ये! दिवा घालवायला आपण ‘पुट ऑफ द लाइट’ म्हणतो, बाहेर ‘टर्न ऑफ’ जास्त ऐकाल. शिवाय ‘पुट ऑफ गोइंग’ म्हणायचं, ‘टू गो’ नाही, पण ते राहू दे, काचेपलीकडनं वेळ संपत आल्याचा हात दिसतोय.

आता कुणी विचारेल, ‘लुक आफ्टर’चं काय? तिथं ‘लुक आफ्टर इट’च, ‘इट’ मध्ये घालायचा नाही. कारण तिथला ‘आफ्टर’ हा... नको, ते पुढच्या वेळी. तोवर घरी मोठ्यानं म्हणा, पुट इट ऑफ, पुट देम ऑफ.