आजी, कन्नड नर्स आणि न्यूयॉर्कचं एक हॉस्पिटल

मी बंगळूरला नोकरी करतो. गेल्या वर्षी आजी माझ्याकडे आली आणि नेमकी आजारी पडली. पाच दिवस अ‍ॅडमिट. उपचार उत्तम, रिपोर्ट नॉर्मल. तरी चौथ्या दिवशी म्हणाली, "घरी ने रे. इथं माझं बोलणं कुणाला कळत नाही."

आजची गोष्ट याच भीतीची आहे.

साधारण १८५० चा काळ. जर्मन भागांतून बरेच ज्यू अमेरिकेत येत होते. तेव्हा पैसेवाले घरीच उपचार घ्यायचे. हॉस्पिटलात जायचे ते गरीब आणि एकटे. बरीच हॉस्पिटलं ख्रिस्ती वळणाची. तिथं कोशर जेवण, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेलं, मिळायचं नाही. आणि मोठी धास्ती वेगळीच: शेवटच्या घटका मोजताना कुणी 'धर्म बदल' म्हणून मागे लागलं तर?

१८४९ मध्ये सिनसिनाटीत कॉलराची साथ आली. पुढच्याच वर्षी तिथं अमेरिकेतलं पहिलं ज्यू हॉस्पिटल उभं राहिलं. न्यूयॉर्कमध्ये सत्तरी ओलांडलेले वकील सॅम्पसन सिम्सन यांनी १८५२ मध्ये काही लोकांना एकत्र केलं, स्वतःची जागा दिली. १८५५ मध्ये २८व्या रस्त्यावर ४५ खाटांचं 'ज्यूज हॉस्पिटल' सुरू झालं. पुढे १८९० मध्ये नव्या, गरीब स्थलांतरितांसाठी चाळीस जणांनी प्रत्येकी २५ सेंट काढले, आणि त्यातून 'बेथ इस्रायल' सुरू झालं. बघा, २५ सेंट!

आता तुम्ही म्हणाल, मग काय, ज्यानं त्यानं आपल्या जातीचं हॉस्पिटल काढायचं? मलाही हाच प्रश्न पडला होता. पण पुढे काय झालं ऐका. 'ज्यूज हॉस्पिटल'चा भर सुरुवातीला ज्यू रुग्णांवरच होता. मग यादवी युद्ध पेटलं आणि तिथं जखमी सैनिक येऊ लागले. १८६६ मध्ये नाव बदलून 'माउंट सायनाय' केलं, दार सगळ्यांना उघडं आहे हे कळावं म्हणून. आज ते न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉस्पिटलांपैकी एक आहे.

म्हणजे सुरुवात 'आमच्या माणसाला परकं वाटू नये' इथून झाली. पण ते तिथंच थांबले नाहीत.

आजीचं काय झालं? ऑफिसातल्या मित्राकडून 'पाणी', 'दुखतंय', 'बाथरूम' हे शब्द कन्नडमध्ये लिहून घेतले, शेजारी मराठीत तेच, आणि कागद तिच्या उशाशी लावला. संध्याकाळी नर्स आजीला मराठीत विचारत होती, "दुखतंय?"

आजी राहिली मग, एक दिवस आणखी.

भेटू पुढच्या भागात!