नोकरीतील तरुणाई आणि मनाचे आरोग्य
(वार्षिक सभेतील भाषण)



मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली की घरोघरी पेढे वाटले जातात. आता काळजी मिटली, असे आईवडिलांना वाटते. पण काही वर्षांतच तेच अपत्य निद्रानाश, पित्त, छातीतील धडधड अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे येते. तपासण्यांत काही आढळत नाही. दुखणे मात्र राहते. परगावातील एकटेपणा, रात्रपाळी, कर्जाचे हप्ते आणि सुटीच्या दिवशीही येणारे कार्यालयाचे फोन यांची नोंद कोणत्याही अहवालात उमटत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या स्पष्ट केली. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण, त्यातून येणारा थकवा, कामाविषयीचा दुरावा आणि घटलेली कार्यक्षमता ही त्याची लक्षणे होत. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाशी निगडित अवस्था म्हणते. म्हणूनच त्यावरील उपायाचा मोठा भाग कामाच्या वेळा आणि वरिष्ठांचे वर्तन सुधारण्यात आहे. हा ताण नैराश्याकडे झुकू लागला, तर मात्र उपचारांस विलंब होता कामा नये.

विलंब होतो, हेच दुःख आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. कार्यालयात कळेल, ठरत आलेले लग्न मोडेल, ही भीती त्यामागे असते. शिवाय बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि नोकरीची वेळ बहुधा एकच असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा.

पालकांना विनंती, की फोनवर पगारवाढ विचारण्याआधी झोपेची चौकशी करावी. 'सगळ्यांनाच ताण असतो' असे म्हणून मुलांचे बोलणे तोडू नये.

देणगीदारांनाही एक प्रार्थना आहे. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. समुपदेशकाने शांतपणे ऐकलेल्या तासाला पाटी नसते, त्याचे छायाचित्रही छापता येत नाही. तरीही सायंकाळी आणि रविवारी असा एक कक्ष उघडा राहावा, यासाठी आपण साहाय्य करावे. कामावरून परतणाऱ्या तरुणाला त्याच वेळी दार उघडे हवे असते.