समुद्रकाठी तंबूत राहावयाचे तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण यंदाची सहल दिवेआगरला न्यावयाची आणि लॉजवर न उतरता तंबूत राहावयाचे, असे गेल्या सभेत ठरले. माझे माहेर श्रीवर्धन तालुक्यातले म्हणून आखणी माझ्याकडे आली. तेव्हा जे ठरवले आहे ते आणि का ठरवले आहे ते सांगते.

आधी दिवसाचे बोलू. बहुतेक जणींनी पौर्णिमा सुचविली. चांदणे, वाळू, गाणी हे सगळे डोळ्यांपुढे येते, नाही का? पण पौर्णिमेला माझी हरकत आहे. आमच्याकडे भरतीची वेळ काढण्याचा साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला आणि रात्रीही त्याच सुमारास भरती पुरी होते. थोडाबहुत फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी सर्वांत वर चढते, आणि तेही आपण गाढ झोपेत असताना!

म्हणून मी पौष शुद्ध अष्टमी धरली आहे. आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती पुरी होते, आपण सगळ्या जाग्या असतो, पाणी कोठवर येते ते डोळ्यांनी दिसते. मग मध्यरात्रीपर्यंत ते ओसरत जाते. पुढची भरती पहाटे सहाच्या पुढे. शिवाय अष्टमीची भरती भांगाची, तिला उधाणाचा जोर नसतो. चांदण्याची हौसही भागते, कारण अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतो. आणि पौषात लग्नकार्ये नसतात, तेव्हा कोणाची सबब चालणार नाही! एकतीस डिसेंबरच्या आसपास मात्र अष्टमी आली तर आपण एक-दोन दिवस पुढेमागे करू. त्या गर्दीत आणि गोंगाटात बायकांनी तंबू ठोकू नयेत.

पण अष्टमी आहे म्हणजे समुद्र गरीब आहे असे कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी वद्य अष्टमीच होती. उधाण नव्हते. कोणाकोणाच्या घरची ती तरुण मुले! म्हणून पाण्यात जावयाचे ते गुडघ्यापर्यंतच, ओहोटी लागली असता मुळीच नाही, आणि दोघी काठावर उभ्या राहून डोकी मोजतील. ज्यांना पोहता येते त्यांनाही हाच नियम. विहिरीत पोहणे निराळे आणि पायाखालची वाळू ओढणाऱ्या पाण्यात उभे राहणे निराळे.

तंबू थेट वाळूवर मारावयाचे नाहीत. माझ्या मामेभावाची वाडी किनाऱ्यापासून थोडी आत आहे, तेथे मोकळ्या जागेत मारू. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवावयाचे. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात सावली छान असते, पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने त्या भागातली सुरूची, नारळी-पोफळीची झाडे आडवी केली. जी वाचली त्यांतही काही खिळखिळी आहेत. त्यांच्याखाली निजावयाचे नाही, आणि नारळाखाली तर नाहीच. सुरूचा वाळका पाला कापरासारखा पेटतो, म्हणून शेकोटी बंद. स्वयंपाकाची शेगडी उघड्यावर राहील, तंबूत कदापि नाही.

वाडीतली जमीन भुसभुशीत, नुसत्या खुंट्या धरत नाहीत. रिकामी पोती न्यावीत, ती वाळूने भरून, दोरी बांधून हातभर खोल पुरावीत. तंबू वाऱ्याने उपटला जात नाही. दिवसा समुद्रावरून खारे वारे, रात्री जमिनीवरून मतलई वारे, हे आपण शाळेत घोकले आहे. म्हणून तंबूचे तोंड ना समुद्राकडे ना डोंगराकडे, बाजूला करावे. पौषात दव फार पडते. वरचे कापड दुहेरी हवे, आणि अंगावर शाल, कानटोपी.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलते. जागा पाहावयास गेले तेव्हा समुद्र नंतर पाहिला, आधी मोरी आणि संडास पाहिले. वाडीत दोन आहेत, कड्या नीट लागतात, विहीर जवळ आहे. विहिरीचे पाणी मचूळ. वापरावयास चालेल, पिण्यास नाही. आपण बावीस जणी, दरडोई रोज तीन लिटर, दोन दिवसांचे एकशे बत्तीस लिटर. वीस लिटरचे सात जार घेऊ. दर महिन्याच्या अडचणीसाठी कोणी नाव काढून घेऊ नये. झाकणाचा डबा आणि जुनी वर्तमानपत्रे बरोबर असतील. वापरलेले काही वाळूत पुरावयाचे नाही, सर्व परत आणावयाचे.

त्या वाळूत आणखी कोणाचे तरी बाळंतपण असते! थंडीत रात्री ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण किनाऱ्यावर येते, खड्डा करून अंडी घालते आणि परत जाते. उजेड पाहून ती बिचकते, पिल्ले तर उजेडाकडेच वळतात. म्हणून रात्री किनाऱ्यावर मोठे दिवे, गाण्याचे भोंगे नकोत. चांदणे आहेच.

जेवणाचे फार सांगत नाही. जाताना दशम्या आणि तिळाची चटणी, रात्री पिठले-भात, दुसऱ्या दिवशी गावातले उकडीचे मोदक. सकाळी साडेपाचला निघालो तर ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करीत दुपारच्या आत पोचू. भांडी कोणी घासावयाची यावर वाद नको म्हणून चिठ्ठ्या टाकू.

भगिनींनो, लग्नाला बावीस वर्षे झाली. माहेर, बाळंतपण आणि लग्नकार्ये सोडली तर मी घराबाहेर एकही रात्र काढलेली नाही. येथे बसलेल्या पुष्कळ जणींचे तसेच असेल. घरचे विचारतील, तंबूत कशाला? सुरक्षित आहे का? चूल कोण बघणार? चुलीचे आपापल्या घरी ठरवावे. यजमान आणि मुले दोन दिवस खिचडी करून खाऊ शकतात, आमच्याकडे करून पाहिली आहे. सुरक्षिततेचे मात्र मी येऊन सांगेन. ज्यांना घरी विषय काढणे अवघड जाते त्यांनी मला निरोप द्यावा. मी संध्याकाळी येईन, सासूबाईंपाशी बसेन आणि पंचांग उघडून सगळा हिशेब दाखवीन.

नावे पुढच्या मंगळवारपर्यंत चिटणीसबाईंकडे द्यावीत. औषधे चालू असतील त्यांनी ती नावापुढे लिहावीत, म्हणजे गावातल्या डॉक्टरांना आधी कळविता येईल.