मिसळणं सोपं, वेगळं करणं अवघड

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "अगं, तू इतकी वर्षं संशोधन करतेस, पण नेमकं काय करतेस ते आम्हाला कधी कळलंच नाही. पंधरा मिनिटांत सांग." मागणी रास्त आहे.

माझ्या विषयाचं नाव 'द्रव-द्रव निष्कर्षण'. एका द्रवात विरघळलेला पदार्थ, त्या द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाच्या मदतीने बाहेर काढायचा. नाव जड आहे, पण गोष्ट ओळखीची आहे. मिसळीच्या कटावर तर्री येते ना? मिरचीचा लाल रंग पाण्यात थांबत नाही, तो तेलात जातो आणि तेल वर तरंगतं. आपण पळीने तर्री वेगळी काढतो, तेव्हा रंगही वेगळा काढत असतो. आमचे मोठमोठे कारखाने याच तत्त्वावर चालतात.

यात थोडं गणित आहे. गणिताच्या सरांसमोर ते चुकून चालणार नाही, म्हणून जपून सांगते. पदार्थ दोन द्रवांमध्ये ठरावीक प्रमाणात वाटला जातो. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १८९१ मध्ये मांडला. समजा, एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम पदार्थ आहे आणि पाण्यापेक्षा द्रावकात त्याचं प्रमाण तिप्पट राहतं. एक लिटर द्रावक एकदम घालून हलवलं, तर २५ ग्रॅम पदार्थ पाण्यातच राहतो. तेच द्रावक अर्धा-अर्धा लिटर असं दोनदा वापरलं तर १६ ग्रॅम राहतो. पाव-पाव लिटर असं चारदा वापरलं तर साधारण ११ ग्रॅम. द्रावक तेवढंच, खर्च तेवढाच. फक्त थोडं थोडं करून वापरलं. कारखान्यात याच्याही पुढे जाऊन जड द्रव उंच कॉलमच्या वरून खाली आणि हलका द्रव खालून वर सोडतात. दोघे उलट दिशांनी एकमेकांना भेटत जातात.

मग यात संशोधन करायला उरलं काय? उरलं ते थेंबांचं. जोरात ढवळलं की थेंब बारीक होतात आणि पदार्थ पटकन इकडून तिकडे जातो. पण फार बारीक झाले तर त्यांचं इमल्शन होतं आणि ते वेगळं व्हायला तयार होत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शुद्ध रसायनं असतात, विलगकारी नरसाळ्यात दोन मिनिटांत स्वच्छ रेषा दिसते. कारखान्यातल्या द्रवात बारीक गाळ असतो, साबणासारखे पदार्थ असतात. तिथे दोन थरांच्या मधे तिसराच एक चिकट, मळकट थर साचतो आणि तासभर थांबलं तरी हलत नाही. माझी बरीचशी वर्षं या मधल्या थरापायी गेली.

हे काम किती महत्त्वाचं असू शकतं, ते पेनिसिलिनच्या उदाहरणावरून सांगते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीतलं पेनिसिलिन सापडलं, हे आपण शाळेत शिकलो. पण ते औषध म्हणून माणसाला मिळायला पुढे १२ वर्षांहून अधिक काळ गेला. कारण ते बुरशीच्या रसात अगदी थोडं असतं आणि फार नाजूक असतं. १९३२ मध्ये लंडनमध्ये रेस्ट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस आम्लयुक्त करून पेनिसिलिन ईथरमध्ये उतरवलंही. पण ईथर उडवून द्यायला गेले तेव्हा पेनिसिलिनही नाहीसं झालं.

१९४० मध्ये ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या गटातल्या नॉर्मन हीटली या २९ वर्षांच्या तरुणाने तोडगा काढला. ईथर उडवायचंच नाही. थंड ठेवलेल्या रसात आम्ल घालून पेनिसिलिन ईथरमध्ये घ्यायचं आणि मग किंचित आम्लारीयुक्त पाण्याने ते ईथरमधून परत पाण्यात आणायचं. घाण मागे राहते, पेनिसिलिन पुढे येतं. युद्धाचे दिवस होते, साहित्य मिळत नव्हतं. हीटलींनी बाटल्या, काचेच्या नळ्या आणि एका टाकून दिलेल्या पुस्तकांच्या कपाटाचा सांगाडा वापरून यंत्र उभं केलं. २५ मे १९४० रोजी जंतूंची बाधा केलेल्या आठ उंदरांपैकी चारांना पेनिसिलिन दिलं. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले होते, बाकीचे जिवंत होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते पहिल्यांदा उपचार म्हणून दिलं. तो सुधारू लागला. साठा इतका कमी होता, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन पुन्हा काढून त्यालाच देत होते. तरी साठा संपला आणि मार्चमध्ये तो वारला. औषध गुणकारी होतं. ते पुरेसं वेगळं काढता येत नव्हतं, एवढ्यासाठी एक माणूस गेला. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलींना ऑक्सफर्डने १९९० मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली.

आता आपल्या घराजवळ येते. आपल्या वर्गातले काही जण इथल्या रासायनिक वसाहतीत शिफ्टला जातात. काहींची घरं खाडीतल्या मासळीवर चालली आणि आज ती चालत नाहीत अशी त्यांची तक्रार आहे. दोघेही इथे एकाच पंगतीला जेवणार आहेत. म्हणून हे बोलायचं धाडस करते.

फिनॉलचं उदाहरण घ्या. सांडपाण्यात ते जास्त असलं तर ईटीपीतले जिवाणूच मरतात आणि पुढची सगळी शुद्धी कोलमडते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असं आपल्या देशाचं मानक आहे. हे फिनॉल योग्य द्रावकाने काढता येतं आणि द्रावकातून आम्लारीने परत घेता येतं. म्हणजे हीटलींचीच युक्ती. काढलेलं फिनॉल पुन्हा वापरता येतं. अडचणीही सांगते. द्रावक स्वतः थोडं पाण्यात विरघळतं. एमआयबीके नावाचं नेहमीचं द्रावक साधारण दोन टक्के विरघळतं. ते पाण्यातून परत काढलं नाही, तर आपण एक घाण काढून दुसरी घातली असं होतं. त्यासाठी वाफ लागते, पैसा लागतो.

पण खर्च सर्वांत जास्त वाढतो तो दुसऱ्याच कारणाने. समजा, एका रिॲक्टरमधून १,००० लिटर पाणी निघालं आणि त्यात १० किलो फिनॉल आहे. ते तिथेच पकडलं, तर छोटंसं यंत्र पुरतं. तेच पाणी धुण्याच्या ९९,००० लिटर पाण्यात मिसळून एका टाकीत सोडलं, तर फिनॉल १० किलोच राहतं, पण पाणी १०० पट झालं. त्यातून तेवढंच फिनॉल काढायला द्रावकही १०० पट लागतं. मग हिशेब करणारा म्हणतो, "परवडत नाही." परवडत नाही हे खरं असतं; पण ते मिसळल्यामुळे परवडेनासं झालेलं असतं. पाणी घालून पातळ केल्याने विष कमी होत नाही. फक्त ते पकडणं अवघड होतं.

म्हणून इतक्या वर्षांच्या कामातून मला कळलेली एकच गोष्ट तुम्हाला देते: वेगळं करायचं असेल, तर मिसळण्याआधी करा. तुमच्यापैकी जे प्लांटवर आहेत, त्यांनी एवढंच पाहावं, की आपल्याकडचे सांडपाण्याचे प्रवाह नेमके कुठे एकत्र होतात आणि त्याआधी कोणता प्रवाह वेगळा धरता येईल. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ऑपरेटरला त्याचं उत्तर बहुतेक वेळा मॅनेजरच्या आधी माहीत असतं. आणि जे खाडीवर आहेत, त्यांनी तक्रार करताना "पाणी घाण आहे" एवढ्यावर न थांबता "कोणता प्रवाह, कुठे मिसळतो?" हे विचारावं. नेमका प्रश्न टाळणं अवघड जातं.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी नववीच्या मुलांना एखाद्या कारखान्याचं ईटीपी दाखवायला न्यावं. परवानगीसाठी आपल्या वर्गातले मित्र मदत करतील, मुलांना समजावून सांगायला मी येईन. प्रयोगशाळेसाठी चार विलगकारी नरसाळी मी सोबत आणली आहेत, ती शास्त्राच्या बाईंकडे देते. काच आहे, फुटेल. फुटली तर मुलांना ओरडू नका, मला कळवा, आणखी पाठवीन.