रटाळ ईमेलची साक्ष

युद्धाच्या काळात सरकारी कागद फुटले की एक बाजू म्हणते, बिंग फुटलं. दुसरी म्हणते, सगळं बनावट. आपण विश्वास ठेवायचा कशावर?

२०१६चा ऑक्टोबर. पूर्व युक्रेनमधल्या दोनबासमध्ये युद्ध पेटून दोन वर्षं उलटली होती. ‘सायबरहुंता’ नावाच्या युक्रेनी हॅकर गटानं व्लादिस्लाव सुर्कोव यांच्या कार्यालयाचा अख्खा इनबॉक्स चव्हाट्यावर आणला. सुर्कोव म्हणजे पुतिन यांचे तेव्हाचे सल्लागार. युक्रेनचं प्रकरण तेव्हा त्यांच्याच हाती होतं. दोन हजारांवर ईमेल होते. क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव म्हणाले, सुर्कोव ईमेल वापरतच नाहीत. असेलही तसं! पण हा इनबॉक्स साहेबांचा नव्हता, कार्यालयाचा होता.

याच गटानं आधी एक वेगळा कागदही सोडला होता. युक्रेन अस्थिर करण्याचा कट त्यात होता, वाचून डोळे विस्फारावेत असा. मात्र तो खराच, असं बाहेरच्या तपासनिसांना छातीठोकपणे सांगता आलं नाही. इनबॉक्स मात्र कसोटीला उतरला, आणि तो बराचसा रटाळ होता म्हणूनच. हिशेब, बातम्यांची कात्रणं, नेहमीचा पत्रव्यवहार. एखादं सनसनाटी पान रचता येतं. दोन हजार कंटाळवाणे ईमेल, प्रत्येकाच्या प्रवासाच्या तांत्रिक खुणांसकट, रचायला कोण बसणार? शिवाय एका रशियन पत्रकार बाईंनी त्यातले स्वतःचे ईमेल खरे असल्याचं मान्य केलं.

आणि त्या रुक्ष ढिगातच खरा ऐवज निघाला. १३ मे २०१४ रोजी सुर्कोव यांच्या कार्यालयात एक यादी आली. दोनबासमधल्या दोनेत्स्कच्या फुटीरतावादी सरकारात कोणाला घ्यावं, याची. काही नावांपुढे चांदणी होती. हे तपासलेले, खास शिफारशीचे. तीनच दिवसांनी ते सरकार जाहीर झालं, आणि यादीतले अनेक जण त्यात होते. स्थानिक जनतेचा उठाव म्हणून जगाला दाखवलेल्या सरकारची माणसं आधी मॉस्कोच्या टेबलावर पोचली होती.

एवढं उघड करणं मला लोकहिताचं वाटतं. पण याच हॅकरांनी सुर्कोव यांच्या घरच्या माणसांच्या पासपोर्टच्या प्रतीही जगापुढे टाकल्या. त्यातून युद्धाबद्दल नेमकं काय कळलं, हे त्यांनाही सांगता येईल असं मला वाटत नाही.